तुमचा खरा आकडा

अहो, काल तुमचं तेरावं झालं आणि आज सकाळी बेबी अँटॉप हिलला आपल्या घरी परत गेली. निघताना म्हणाली, "आई, बाबांचा पट्टा टाकून देऊ का?" मी नको म्हटलं. तुमचा तो कमरेचा पट्टा, मागे पोलादी कांब्या असलेला, अजून दाराआडच्या खुंटीवरच आहे. जन्मभर मी त्याला शिव्या घातल्या. आता तो कुणाला देण्याजोगा नाही आणि टाकवतही नाही.

या दिवसांत माणसं खूप आली. सगळी चाळ आली, खालच्या मजल्यावरची आली, मिलमधल्या तुमच्या खात्यातले उरलेसुरले दोघेतिघे काठ्या टेकत जिना चढून आले. प्रत्येकानं हात जोडून तेच म्हटलं, "सुटले बिचारे." मी मान हलवत होते, पण आतून अशी तिडीक येत होती म्हणून सांगू! सुटायचं होतं तर इथं, या खोलीत, माझ्यासमोर खुर्चीत बसून चहा पिताना सुटता आलं असतं. तशी वेळ एकदा आली होती. आणि त्या वेळी तुम्ही घासाघीस करत बसलात.

हे मी आलेल्यांपैकी कुणाला सांगितलं नाही. तुमच्याशीच बोलायचं राहिलंय, तर दुसऱ्याला काय सांगू?

घासाघीस तुमच्या रक्तातच होती. मी गिरगावातली, आमच्याकडे दुकानदारानं सांगितला भाव की मुकाट पिशवी पुढे करायची. लग्न होऊन डिलाईल रोडला आले आणि पहिल्याच आठवड्यात गॅलरीत तुमचा आणि पार्वती कोळणीचा सामना बघितला. तिनं एक भाव सांगायचा, तुम्ही त्याच्या निम्मा. तिनं टोपली उचलल्यासारखं करायचं, तुम्ही पाठ फिरवल्यासारखं करायचं. दोघांनाही शेवटी कुठं यायचंय ते आधीच ठाऊक असायचं. मला वाटलं, आता मारामारी होते की काय. तर ती जाताना म्हणाली, "बाय गो, तुझा घरवाला लय वंगाळ, पन मानूस चांगला." तुम्ही खूश.

कापडाच्या मिलमध्ये तुम्ही मागावरचे साचेवाले, आणि खात्यातल्या कामगारांचे प्रतिनिधी. तिथला आवाज म्हणे असा की शेजारच्यानं ओरडलं तरी ऐकू येणार नाही, म्हणून तुम्ही सगळे बोटांनी बोलायचात. ती सवय घरीही आली. खाली पाववाला आला की मी वरून विचारायचे, किती घेताय? तुम्ही रस्त्यावरून नुसती बोटं दाखवायचात. माझ्या बालवाडीतल्या पोरांसारखी. मालकांशी बोलणी असली की आदल्या संध्याकाळी तुम्ही मला तुमचा नियम ऐकवायचात, "मागताना आभाळ मागूचा, तेव्हा खय छप्पर गावता." तेव्हा मला तुमचा अभिमानच वाटायचा. त्याच नियमानं कितीतरी घरांत दिवाळीला बोनस आला होता, हे मी कशी विसरेन?

मग संप झाला. त्यावरून आपण किती भांडलो त्याची गणती नाही. पहिले काही महिने मीही मोर्च्यात होते. नंतर डबे करायला लागले, सकाळी बालवाडीत शिकवायचं काम धरलं, आणि एके दिवशी पोळ्या लाटता लाटता म्हटलं, "आता थोडं खाली या की." तुम्ही शांतपणे म्हणालात, "खाली येवक समोर कोण बसाक तर होयो. बोलवतंतच खय?" खरंच होतं ते. कुणी बोलावलंच नाही. तुम्ही आकडा सांगून बसलात आणि समोरचा टेबलावर आलाच नाही. आणि जो कोणी आपणहून खालचा आकडा बोलेल, त्याच्याकडे चाळीत पाणीसुद्धा मागायची सोय राहिली नव्हती. पुढे पुढे संपाचा विषय निघाला की तुम्ही एकच वाक्य बोलायचात, संप कुणी मागे घेतलाच नाही. आणि मी म्हणायचे, "मग जा ना कामावर. मिल कुठाय ती दाखवा." हे मी बोलायला नको होतं, पण बोलायचे.

तुम्ही बंदराकडच्या गोदामात गोणी उचलायला गेलात. साच्यावर बोटांनी धागा जोडणारा माणूस, त्याच्या पाठीवर कुणी कधी ओझं दिलं नव्हतं. व्हायचं तेच झालं. मणक्याचं ऑपरेशन झालं, आणि चांगलं झालं असं सगळे म्हणाले. त्या चांगल्या झालेल्या ऑपरेशननंतर तुमचा डावा पाय कमरेपासून अंगठ्यापर्यंत जो पेटला तो पुन्हा विझला नाही.

मग काय काय केलं आपण! वजनं बांधून पाय ताणले, शेक घेतला, मणक्यात इंजेक्शनं घेतली. गावाहून हाडवैद्याचं तेल आणलं, त्याच्या वासानं शेजारच्यांनी खिडक्या लावल्या. प्रत्येक गोष्टीनं चार दिवस बरं वाटायचं. बसलं की आग व्हायची म्हणून तुम्ही बसणंच सोडलंत. ओट्यापाशी उभ्यानं जेवायचात, गॅलरीत उभ्यानं पेपर वाचायचात, बेबीच्या लग्नातही मांडवाच्या खांबाला टेकून उभे. चाळीतली पोरं तुम्हांला उभेकाका म्हणायची. तुम्ही हसायचात. मला ते नाव कधी आवडलं नाही.

परळच्या त्या दुखण्याच्या दवाखान्याचं मला बालवाडीतल्या एका मुलाच्या आईनं सांगितलं. तोवर आपली मिल जाऊन तिथं काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. डॉक्टर तरुण बाई होती, बेबीहून लहानच असेल. पण किती नीट समजावून सांगितलं तिनं. म्हणाली, "काका, जखम कधीच भरलीय. पण नस अजून तक्रार करतेय. आपण मणक्यात, मज्जारज्जूच्या जवळ, एक बारीक वायर ठेवायची. तिच्यातून हलका करंट जातो. मग दुखल्याचा निरोप वर पोचायच्या आत तिथं नुसत्या मुंग्या येतात." बॅटरी कमरेपाशी कातडीखाली बसते. पण लगेच नाही. आधी काही दिवस वायर आत, डबी बाहेर, असं करून बघायचं. दुखणं निम्म्यावर आलं तर कायमचं बसवायचं, नाही तर वायर काढून टाकायची. खर्च तिथला ट्रस्ट करणार होता, पण तोही अशी चाचणी पास झाली तरच.

"शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. तुमचं किती?" तिनं विचारलं.

"धा," तुम्ही म्हणालात. तो आकडा खरा होता. माझी त्याला साक्ष आहे.

पालथं झोपवून, जागं ठेवूनच त्यांनी वायर घातली. डॉक्टर विचारत होती, मुंग्या कुठं येतायत, मांडीत की पोटरीत, आणि तुम्ही सांगत होता, अजून खाली, अजून. बाहेर आलात ते डोळे मोठे करून. मला म्हणालात, "गो, पायाखाली साचो चालू झाल्यासारख्या वाटता." खात्यातली जमीन दिवसभर तळपायाखाली थरथरायची, तशी. मी रडायलाच लागले तिथं, सगळ्यांदेखत.

तो आठवडा! अहो, तो आठवडा मी कुठं ठेवू? कमरेला डबी लावून तुम्ही पहिल्याच दिवशी खुर्चीत बसून जेवलात. जेवण झालं तरी उठेनात. पोट भरलेलं असताना आणखी एक भाकरी मागितलीत, नुसतं बसायला मिळावं म्हणून. मग आपण गिरगावात माझ्या भावाकडे गेलो, बसनं. तुम्ही खिडकीशी बसलात ते उतरेपर्यंत बसूनच होतात. मी सारखी तुमच्या तोंडाकडे बघत होते. तुम्ही वैतागून म्हणालात, "माझ्याकडे काय बघतंस? बाहेर बघ." दुपारी तिथं तुम्ही पलंगावर आडवे झालात आणि घोरायला लागलात. वहिनी हसली, आणि मी तिला गप्प केलं. इतक्या वर्षांनी ऐकत होते मी ते घोरणं.

आठवड्यानं दवाखान्यात गेलो. डॉक्टर मला म्हणाली, "मावशी, तुम्ही जरा बाहेर बसा. त्यांच्या आधी तुम्हीच उत्तरं देता." मी हसत हसत बाहेर गेले. बाकावर बसून, बॅटरी बसवायच्या दिवशी बेबीला रजा मिळेल का याचा विचार करत होते.

तुम्ही बाहेर आलात तेव्हा कमरेला डबी नव्हती. म्हणालात, "काढल्यान. चालला नाय."

घरी येईस्तोवर मी त्या बिचारीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पुन्हा ओट्यापाशी उभ्यानं जेवण सुरू झालं. पुढचे कित्येक महिने फोन वाजला की तुम्ही कुठूनही सगळ्यांच्या आधी पोचायचात, आणि "हॅलो" म्हणून लगेच माझ्या हातात द्यायचात. मला वाटायचं, बेबीच्या फोनची वाट बघतायत.

त्यानंतर तुमचं हृदयाचं दुखणं आलं. त्यात स्प्रिंगा बसल्या, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या सुरू झाल्या. पार्वती कोळीण थकली आणि तिची सून टोपली घेऊन यायला लागली. ती गोष्ट त्याच सुमाराची. सुनेनं बांगड्यांचा भाव सांगितला. तुम्ही सवयीनं निम्मा सांगितलात. तिनं वर बघितलंसुद्धा नाही. टोपली उचलली आणि जिना उतरून गेली. तुम्ही पाठ फिरवून उभे होतात, वाट बघत. जरा वेळानं वळलात तर गॅलरी रिकामी. मी हसायला लागले. तुम्हीही हसलात, आणि मधेच थांबलात. कठड्याला धरून म्हणालात, "त्या डॉक्टरणीन पण अशीच टोपली उचलल्यान गो."

मला कळेना. मग तुम्ही सगळं सांगितलंत. डॉक्टरनं विचारलं होतं, काका, आता किती? "दुखना तीनच होता. मी आठ सांगितलंय." मी विचारलं, का? का? तर म्हणालात, "तीन सांगितला असता तर ती तीनारच थांबली असती. माका वाटला, आठ सांगितला की आणखी कमी करीत." तिनं डबीची बटणं फिरवली, पुन्हा विचारलं. तुम्ही साडेसातावर आलात. एवढे खाली आलात म्हणून तुम्हीच स्वतःला उदार समजत होतात. ती म्हणाली, सॉरी काका, आणि वायर काढली. "माका वाटला, परत बोलवीत."

फोन. तुम्ही तिच्या फोनची वाट बघत होतात!

त्या दिवशी मी जे बोलले ते सगळ्या मजल्यानं ऐकलं. संपही काढला मी त्यात. म्हटलं, तिकडेही असंच आभाळ मागत बसलात. तुम्ही पट्टा आवळलात आणि खाली निघून गेलात. संपाचं नाव मी तिथं घ्यायला नको होतं, हे आता म्हणते. तिकडे तुम्ही मागत होतात ते तुमच्या हक्काचं होतं, समोरच्यानं दिलं नाही. इकडे समोरची द्यायलाच बसली होती. दोन्ही मी एकाच तागडीत टाकलं आणि तुम्ही त्याचं उत्तर कधी दिलं नाहीत. तो वाद तसाच अर्धा राहिला.

दुसऱ्या दिवशी मी तुम्हांला दवाखान्यात ओढत नेलं. डॉक्टरनं सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही, त्याचंच मला जास्त लागलं. म्हणाली, "काका, मशीन कायमचं बसल्यावर आम्ही सेटिंग बदलत राहतो हो. तीनवर कोण थांबलं असतं?" आणि मग तुमचे हृदयाचे कागद बघताना तिनं रक्त पातळ ठेवायच्या गोळ्यांवर बोट ठेवलं. त्या गोळ्या चालू असताना मणक्यात सुई घालायची नाही, आत रक्त साठलं तर पाय कायमचे जातील. आणि गोळ्या बंद करायला हृदयाचा डॉक्टर तयार नव्हता. तिनं त्याला माझ्यासमोर फोन करून विचारलं. पुढच्या वर्षीही विचारलं. तोवर हृदय आणखी खचलं होतं.

बसमधून येताना तुम्ही उभे होतात. शेजारची सीट रिकामी होती.

मी तेव्हा तुम्हांला मूर्ख म्हटलं. अहो, मूर्ख नव्हता तुम्ही. आयुष्यभर ज्यानं ज्यानं तुम्हांला आकडा विचारला, त्यानं तो कापायलाच विचारला. मालकानं, मिलमध्ये कामावर घेणाऱ्या जॉबरनं, गोदामाच्या मुकादमानं. खरं सांगितलं तर आपलं भलं होईल असा प्रश्न तुम्हांला त्या पोरीच्या आधी कुणी विचारलाच नव्हता. मग तो ओळखायचा कसा? हे मला तेव्हा सुचलं असतं तर तुमच्याजवळ बसून बोलले असते. आता खुंटीवरच्या पट्ट्याशी बोलतेय.

आणि एक गोष्ट. डॉक्टरच्या त्या आकड्यांची मला सवय लागली होती. त्यानंतर रोज सकाळी चहा देताना मी विचारायचे, "आज किती?" आणि तुम्ही रोज म्हणायचात, "तीन गो. तीनच आसा."

तुम्हांला वाटायचं, मला कळत नाही. तुमचं तीन कसं दिसतं ते मी बघितलं होतं. तुमचं तीन बसच्या खिडकीशी बसतं, जास्तीची भाकरी मागतं, दुपारी घोरतं. ओट्याची कड धरून, घाम पुसत, एका पायावर उभं राहून तीन म्हणणारा माणूस तीन नसतो. जगाशी बोलताना तुम्ही आकडा वाढवायचात आणि मला सांगताना कापून सांगायचात. सगळ्या जगात मी एकटीच, जिच्याशी तुम्ही उलटी घासाघीस केलीत. मी ऐकून घ्यायचे, "बरंय" म्हणायचे आणि कप विसळायला घ्यायचे. मला जपत होतात, हे मला रोज कळत होतं. पण कळलंय असं एकदाही सांगितलं नाही.

शेवटच्या त्या दुपारी, हॉस्पिटलात, बेबी खाली औषधं आणायला गेली होती. तुमच्या तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. डावा हात सलाइनसाठी फळीला बांधलेला. मी सवयीनं विचारलं, "किती?"

तुम्ही उजव्या हाताची तीन बोटं वर केलीत.

बालवाडीत पोरांना आकडे शिकवताना मी त्यांची मिटलेली बोटं एकेक उघडते. तसाच मी तुमचा हात हातात घेतला. म्हटलं, "आता माझ्याशी नको हो घासाघीस." आणि तुमची करंगळी उघडली. मला वाटलं, मिटाल. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग मी अंगठा सोडवला. पाच झाले. तेही तुम्ही मिटलं नाहीत. नुसती नजर डाव्या हाताकडे वळवलीत, फळीला बांधलेल्या. त्या हाताचं एक बोट हळूच वर आलं, त्याच्यामागून दुसरं उचलायला लागलं.

मी त्या हातावर माझा हात ठेवला आणि ती बोटं खाली दाबून धरली. म्हटलं, "राहू दे. कळलं मला."

काही कळलं नव्हतं, अहो. जन्मात पहिल्यांदा तुम्ही मला खरा आकडा सांगायला निघाला होतात आणि माझ्यानं तो बघवला नाही. तुम्ही डोळे मिटलेत. बेबी औषधं घेऊन वर आली तेव्हा मी तसाच हात धरून बसले होते. तिनं विचारलं, "आई, बाबांना खूप दुखतंय का गं?"

मी म्हटलं, "तीन."